कांगड्याचे मीठ

चंडीगढला गेलेला प्रवासी एकदा तरी सुखना तलावाच्या बांधावर जाऊन उभा राहतोच. १९५८ साली एक पावसाळी ओढा अडवून हा तलाव तयार करण्यात आला. पाण्यापलीकडे शिवालिकच्या बुटक्या टेकड्या दिसतात, आणि आकाश निवळलेले असले तर त्यांच्या मागे कसौलीचे उंच डोंगरही नजरेस पडतात. पाठीमागे सरळ रस्त्यांचे, आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या विभागांचे नवे नगर असते. या नगराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आपले लक्ष वेधायचे आहे ते मात्र नगराकडे नव्हे, डोंगरांकडे.

१९६६ च्या नोव्हेंबरपर्यंत त्या बाजूचा कांगडा जिल्हा पंजाब राज्यात मोडत असे, आणि पंजाबची राजधानी चंडीगढ असल्याने त्याचा कारभार येथूनच चाले. पुढे तो हिमाचल प्रदेशात गेला. त्या कांगड्याच्या खोऱ्यात १९५६ साली एक प्रयोग सुरू झाला. त्यात शस्त्रक्रिया नव्हती, सुई टोचणे नव्हते, कडू औषध नव्हते. होते ते केवळ मीठ. आपल्या घरातील मिठाच्या पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द छापलेला असतो. आपण तो बहुधा वाचतही नाही. त्या शब्दाची आपल्या देशातील कुळकथा बरीचशी त्या खोऱ्यात घडली आहे.

हिमालयाच्या पायथ्याशी पिढ्यान् पिढ्या एक दुखणे घर करून होते. माणसाचा गळा पुढच्या बाजूने फुगे. कुणाचा लिंबाएवढा, कुणाचा त्याहून कितीतरी मोठा. यालाच गलगंड म्हणतात. काही गावांत हा प्रकार इतका सार्वत्रिक होता की, तो आजार आहे असे कुणाच्या मनातही येत नसे. त्याच गावांत आणखी एक दुःख आढळे, व ते घराच्या आतल्या कोपऱ्यात असे: जन्मापासून ऐकू न येणारी, बोलू न शकणारी, वाढ खुंटलेली, बुद्धीने मंद राहिलेली मुले. गळ्याची सूज आणि ही मुले यांचा काही संबंध असावा, असा जाणत्यांचा तर्क जुना होता. पण तो संबंध नेमका कोणता, हे सांगणे सोपे नव्हते.

रॉबर्ट मॅक्‌करिसन नावाचे एक ब्रिटिश लष्करी डॉक्टर विसाव्या शतकाच्या आरंभी गिलगिटला होते. तेथील आठ गावे एकाच पाण्यावर जगत. वरच्या गावाचे सांडपाणी खालच्या गावाला मिळे, आणि जसजसे खाली जावे तसतसे गलगंडाचे प्रमाण वाढलेले दिसे. मॅक्‌करिसन यांनी त्या पाण्यातील गाळ स्वतः पिऊन पाहिला, काही स्वयंसेवकांनाही दिला. काहींचे गळे खरोखरच सुजले! पाण्यातील घाण हेच कारण, अशा निष्कर्षाकडे ते झुकले. पुढे कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेतही त्यांनी या रोगावर काम केले. त्यांचा निष्कर्ष अपुरा ठरला, तरी त्यांना हसण्याचे कारण नाही. पदरचे पाणी पिऊन रोगाचा माग काढणारे संशोधक फार नसतात.

खरे कारण पाण्यात काय आहे यात नव्हते. पाण्यात आणि मातीत काय नाही, यात होते. हिमनद्या, पाऊस आणि पूर यांनी डोंगरातील माती हजारो वर्षे धुऊन नेली आहे. तिच्याबरोबर आयोडीनही गेले. मातीत नाही म्हणून ते धान्यात नाही, चाऱ्यात नाही, दुधात नाही, आणि म्हणून माणसातही नाही. आपल्या गळ्यात थायरॉईड नावाची एक लहानशी ग्रंथी असते. शरीराची वाढ आणि चलनवलन राखणारा जो स्राव ती बनविते, त्याला आयोडीन लागतेच. ते पुरेसे मिळाले नाही की, मेंदूच्या तळाशी असलेली दुसरी ग्रंथी तिला ‘अधिक काम कर’ असा तगादा लावते. बिचारी ग्रंथी फुगत जाते. गलगंड म्हणजे कच्चा माल नसताना रात्रंदिवस राबणाऱ्या कारखान्याची सूज होय.

आणि हा कच्चा माल लागतो तरी किती? मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम. गरोदर स्त्रीला त्याहून काहीसा अधिक. साऱ्या जन्माचा हिशेब केला तरी तो चहाच्या एका चमच्यात मावेल. अडचण एवढीच की, तो चमचा एकदम पोटात टाकून भागत नाही. शरीर आयोडीन फार काळ साठवून ठेवीत नाही. ते थोडे थोडे, रोज आणि जन्मभर मिळावे लागते. म्हणूनच मिठाची निवड झाली. गरीब असो वा श्रीमंत, मीठ सारेच खातात, रोज खातात, आणि जवळजवळ सारख्याच प्रमाणात खातात.

ही कल्पना कांगड्यात जन्मली नाही. १९१७ च्या सुमारास अमेरिकेतील ओहायो राज्यात डेव्हिड मरीन यांनी शाळेतील मुलींना आयोडीन देऊन गलगंड टाळता येतो हे दाखविले. १९२२ साली स्वित्झर्लंडच्या एका डोंगराळ परगण्यात आयोडीन मिसळलेले मीठ विकले जाऊ लागले, आणि १९२४ साली मिशिगन राज्याने तेच केले. मग प्रश्न असा पडतो की, स्वित्झर्लंडच्या डोंगरात १९२२ साली जे कळले, ते हिमालयाच्या डोंगरात येण्यास आणखी चौतीस वर्षे का लागली?

पारतंत्र्य हे उत्तराचा एक भाग आहे, सगळे उत्तर नव्हे. दुसरा भाग मिठाच्या पोत्यात आहे. पाश्चात्य देशांतील मीठ शुद्ध केलेले, कोरडे, डबाबंद. आपले मीठ खड्यांचे, मळकट, ओलसर. तागाच्या गोणीत भरून, वाघिणीतून शेकडो मैल येणारे, वाण्याच्या दुकानासमोर पावसाळ्यात पाझरणारे. पाश्चात्य पद्धतीने त्यात पोटॅशियम आयोडाइड मिसळले, तर ओल आणि मळ यांमुळे आयोडीन सुटे होते व उडून जाते. दुकानात मीठ उरे, पण औषध वाटेतच संपे. युरोपातील उपाय जसाच्या तसा उचलून येथे ठेवला असता, तर तो बहुधा फसला असता. आणि मग ‘आपल्या लोकांना हा उपाय लागू पडत नाही’ असे म्हणायला मंडळी मोकळी झाली असती.

या अडचणीतून वाट निघाली ती आपल्यासारख्याच एका गरीब प्रदेशात. मध्य अमेरिकेतील मीठही ओले आणि कच्चे. ग्वाटेमालातील पोषण संस्थेच्या संशोधकांनी तेथील शाळकरी मुलांवर १९५० नंतरच्या वर्षांत प्रयोग करून दाखविले की, आयोडाइडऐवजी पोटॅशियम आयोडेट हा क्षार वापरला तरी तो शरीराला तेवढाच उपयोगी पडतो. आणि आयोडेट ओल्या मिठातही टिकून राहतो. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने जगभरच्या गलगंडाची माहिती गोळा करण्यास आरंभ केला होता. १९६० साली त्या संघटनेने या विषयावर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जगातील गलगंडाच्या रोग्यांची संख्या वीस कोटींच्या घरात असल्याचा अंदाज दिलेला आहे. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हटले की, श्रीमंत देशाने गरीब देशाला काही पाठविले, असेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. येथे तर ग्वाटेमालातील पोरांचे गळे पाहून कांगड्याच्या पोरांसाठी मीठ ठरत होते!

भारतात हे काम हाती घेणारे प्रमुख शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. व्ही. रामलिंगस्वामी. ते मूळचे आंध्रचे, शास्त्राने विकृतिविज्ञ. पुढे ते दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे संचालक आणि त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. त्यांच्याबरोबर डॉ. सूच हे होते. काही वर्षांनी या रोगात ग्रंथीचे कार्य कसे बदलते याचा सूक्ष्म अभ्यास दिल्लीत झाला. त्यात डॉ. एम. जी. करमरकर व डॉ. एम. जी. देव ही दोन नावे रामलिंगस्वामींच्या नावाशेजारी छापलेली आहेत, हे मराठी वाचकाला सांगावेसे वाटते.

प्रयोगाची आखणी साधी होती. खोऱ्यातील सुमारे एक लाख लोकवस्तीचे तीन विभाग करण्यात आले. ‘अ’ विभागाला आयोडाइड मिसळलेले मीठ, ‘क’ विभागाला आयोडेट मिसळलेले मीठ, आणि मधल्या ‘ब’ विभागाला नेहमीचे साधे मीठ. मीठ राजस्थानातील सांभर सरोवराचे. आरंभी शाळकरी मुलांचे गळे तपासण्यात आले, तेव्हा तिन्ही विभागांत शेकडा सुमारे ३८ मुलांना गलगंड असल्याचे आढळले. मग सहा वर्षे मीठ जात राहिले, चुली पेटत राहिल्या, डाळीत आणि भाजीत ते पडत राहिले.

१९६२ साली पुन्हा गळे तपासले. ‘अ’ विभागात गलगंडाचे प्रमाण शेकडा १९ वर आले होते, म्हणजे निम्मे. ‘क’ विभागात ते १५ वर उतरले होते. आणि ‘ब’ विभागात? तेथे ते ४० होते.

या तिसऱ्या आकड्यापाशी वाचकांनी क्षणभर थांबावे अशी विनंती आहे. शास्त्रीय परिभाषेत ‘ब’ सारख्या विभागाला ‘कंट्रोल’ म्हणतात, आणि परिभाषा-कोशात त्याला ‘नियंत्रण’ हा प्रतिशब्द सापडतो. भाषांतर करताना हा शब्द माझ्या लेखणीतून सहज उतरत नाही. कारण त्या गावांत कशाचेही नियंत्रण झाले नाही. ती गावे जशी होती तशी राहू दिली गेली, इतकेच. शेजारच्या विभागातील आई जे मीठ आमटीत घालीत होती, त्यात तिच्या मुलाचे आयोडीन होते. या विभागातील आईच्या मिठात ते नव्हते.

हे योग्य झाले का? आजच्या नियमांनी पाहिले, तर असा प्रयोग सहा वर्षे चालविण्यास कोणतीही समिती सहजासहजी संमती देणार नाही. तथापि तेव्हाची परिस्थितीही ध्यानात घ्यावयास हवी. ‘अ’ आणि ‘क’ विभाग नसते, तर एरवीही साऱ्या खोऱ्याला साधेच मीठ मिळत राहिले असते. आणि ‘ब’ विभाग नसता, तर ‘गलगंड आपोआपच कमी होत होता, रस्ते झाले, बाहेरचे धान्य आले, त्याचा हा परिणाम,’ असे कुणीही म्हणू शकले असते. सरकारी तिजोरीतून साऱ्या हिमालयाला मीठ पुरवायचे, तर त्या चाळिसाच्या आकड्यासारखा पुरावा दुसरा नव्हता. शिवाय १९६२ नंतर ‘ब’ विभागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले, आणि दहा वर्षांत तेथील प्रमाणही शेकडा दहाच्या आसपास उतरले.

एवढे सारे मान्य करूनही मन पुरते निवत नाही. त्याला कारण आहे. कांगड्यात मोजले गेले ते गळे. गळ्याची सूज हे या रोगाचे दिसणारे रूप. न दिसणारे रूप किती भयंकर आहे, याचा निर्णायक पुरावा नंतर आला, आणि तोही पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाकडून. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात १९६६ पासून काही ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी काही कुटुंबांना आयोडीनयुक्त तेल टोचले व काहींना साधे खारे पाणी. १९७१ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: गर्भधारणेपूर्वी मातेला आयोडीन मिळाले, तर बाळ मूकबधिर, मतिमंद होण्याचा हा प्रकार टळतो, गर्भ वाढू लागल्यानंतर उशिरा मिळाले, तर झालेली हानी भरून निघत नाही. गर्भातील मेंदूची घडण आईच्या आयोडीनवर अवलंबून असते. जेथे आयोडीनची तीव्र उणीव असते, तेथे वरून धडधाकट दिसणाऱ्या मुलांचाही बुद्ध्यंक सरासरी बारा-तेरा अंकांनी खाली राहतो, असे पुढील अभ्यासांत दिसून आले. अशी मुले वर्गात मागच्या बाकावर बसतात, गुरुजी त्यांना आळशी म्हणतात आणि आईबाप नशिबाला बोल लावतात. सूज उतरते, हे मात्र उतरत नाही. १९५६ ते १९६२ या वर्षांत ‘ब’ विभागात जन्मलेली माणसे आज साठीच्या पुढे आहेत.

कांगड्याचा निष्कर्ष १९६५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत जगापुढे आला. पण आपल्या सरकारने तोवर वाट पाहिली नाही. १९६२ सालीच राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी चंडीगढला पदव्युत्तर वैद्यकीय संस्थाही सुरू झाली. पंजाबातील व डोंगरातील रोगी ज्या संस्थेच्या दारात आजही रांगा लावतात, तीच ही ‘पी. जी. आय.’ मिठात आयोडीन मिसळण्याची यंत्रे युनिसेफने दिली. युनिसेफला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६५ साली. यंत्रे बाहेरची, मीठ राजस्थानचे, शास्त्रज्ञ येथले. आणि आयोडीन, तेही फार दुरून यावयाचे. आपल्या देशात त्याचे म्हणण्यासारखे साठे नाहीत. ते चिली आणि जपान या देशांतून आणावे लागते. अँडीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या वाळवंटातून निघालेला कण हिमालयातील पोराच्या गळ्यापर्यंत पोहोचतो, ही गोष्ट एखाद्या पुराणकथेपेक्षा कमी नवलाची नाही.

यापुढची कहाणी इतकी उजळ नाही. पुरावा हातात असूनही पहिली वीस वर्षे कार्यक्रम रखडला. यंत्रे थोडी होती, मीठ पुरे पडत नव्हते, आणि आयोडीनयुक्त मिठाच्या शेजारी साधे मीठ स्वस्तात मिळत होते. शिवाय हे दुखणे केवळ हिमालयाचे, अशी समजूत होती. पाहण्या होऊ लागल्या तसतसे ते महाराष्ट्रातील औरंगाबाद (आजचा छत्रपती संभाजीनगर) आणि गुजरातेतील भरूच यांसारख्या जिल्ह्यांतही सापडले. मग १९८० नंतरच्या वर्षांत साऱ्या देशाचेच खाण्याचे मीठ आयोडीनयुक्त करावयाचे ठरले, खाजगी कारखान्यांनाही परवानगी मिळाली, आणि १९९२ साली कार्यक्रमाचे नाव बदलून त्यात केवळ गलगंड नव्हे, तर आयोडीनच्या उणिवेचे सारेच विकार आले. याच काळात दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. चंद्रकांत पांडव यांनी या कामाला वाहून घेतले. २०२१ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली.

कोकणातील वाचक येथे विचारतील, ‘आमच्या मिठागरांतले मीठ तर समुद्राचे, त्यात आयोडीन असणारच की!’ शंका स्वाभाविक आहे, पण उत्तर नकाराचे आहे. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असते खरे. पाणी आटून मिठाचे खडे बनताना मात्र ते खड्यांत जवळजवळ येतच नाही. उपवासाच्या शेंदेलोणाचीही तीच गोष्ट. एकादशीपुरते ते ठीक. रोजच्या जेवणात आयोडीन न मिसळलेले शेंदेलोण वापरणाऱ्या घराने, विशेषतः घरात गरोदर सून किंवा लेक असेल तर, याचा विचार करावा.

मिठागरवाल्यांच्या बाबतीत आणखी एक वाद झाला, तोही सांगितला पाहिजे. साध्या मिठाच्या विक्रीवर केंद्र सरकारने १९९८ साली बंदी घातली, २००० साली ती उठविली आणि २००६ साली पुन्हा लागू केली. ज्या देशाने दांडीला मूठभर मीठ उचलून साम्राज्याला आव्हान दिले, त्या देशात कोणते मीठ खावे हे सरकारने ठरवावे काय, असे विरोधकांचे म्हणणे होते. लहान मीठ-उत्पादकाला यंत्राचा खर्च झेपत नाही, ही तक्रारही खोटी नव्हती. मला वाटते, तक्रारीवर उपाय उत्पादकाला हात देण्यात आहे, मिठातून आयोडीन काढून टाकण्यात नाही. गर्भातल्या बाळाला आपल्या मिठाची निवड करता येत नाही.

आता थोडे घरातले. आयोडीनयुक्त मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीच्या आचेपासून आणि उन्हापासून दूर ठेवावे. ओला चमचा घालू नये. खडेमीठ धुऊन घेण्याची काही घरांत रीत असते. मीठ धुतले की वरचे आयोडीन मोरीत जाते. आयोडीन मिळावे म्हणून मीठ जास्त मात्र खाऊ नये. नेहमीच्या माफक मिठात ते पुरेल इतके घातलेले असते. सरकारी मानकाप्रमाणे आपल्या हाती पडताना मिठात दशलक्ष भागांस निदान १५ भाग आयोडीन असावे लागते.

ते आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. कुटुंब-आरोग्य पाहणीचे कार्यकर्ते घरी येतात, तेव्हा ते चिमूटभर मीठ मागतात आणि त्यावर खळीसारख्या द्रवाचा एक थेंब टाकतात. १९९८-९९ च्या पाहणीत पुरेसे आयोडीन असलेले मीठ जेमतेम निम्म्या घरांत सापडले होते. २०१९-२१ च्या पाहणीत शंभरापैकी ९४ घरांत थेंब पडल्याबरोबर मिठावर निळसर-जांभळा डाग उमटला. डाग उमटला म्हणजे मात्रा पुरेशी आहेच, असे मात्र नव्हे; २०१८-१९ च्या देशव्यापी तपासणीत पुरेशी मात्रा शंभरापैकी सुमारे ७६ घरांच्याच मिठात आढळली. उरलेल्या चोवीस घरांत मीठ आहे, स्वयंपाक होतो आहे, आणि त्यांतल्या काही घरांत कुणी बाळाची वाट पाहत आहे.